श्रावणीचा लॅपटॉप जड घ्यावा की हलका

भवानी पेठ, सोलापूर
निज ज्येष्ठ, बुधवार

प्रिय देवदत्तराव यांना,

वेणीमाधवचा सप्रेम नमस्कार. वहिनींनाही सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे? मागे म्हणालात की डाव्यातली कळ आता उजव्यात आली आहे. (रेल्वेच्या माणसाच्या अंगातली कळसुद्धा रूळ बदलते, असं मी तेव्हाच म्हणणार होतो, पण वहिनी फोनवर होत्या.) त्यांची साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे. आंब्याचा मोसम संपला, आता तरी तुम्हाला कपाटांना कुलूप लावावं लागत नसेल. इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे सकाळी उठतो, सवयीने दोन कप चहा करतो, श्रावणी चहा पीत नाही हे कप भरल्यावर आठवतं, मग दुसराही मीच पितो. त्यामुळे पित्त वाढलं आहे. बाकी काही नाही.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तर आमच्या दोन खोल्यांत मी फोनवर बोललो की ते निम्म्या भवानी पेठेला ऐकू जातं. उभी नोकरी सोलापूरच्या स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात गेली, आवाज आता लहान होत नाही. आणि आज लिहितोय ते तुमच्या भाचीच्या कानावर जाऊन चालणार नाही. म्हणून हे पत्र कुर्डुवाडीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देतो आहे. तो स्टँडसमोरच्या पानवाल्याकडे ठेवील, तिथून तुम्ही घ्यावं. टपालावर माझा राग नाही, पण टपाल तुमच्या रेल्वेने जातं.

तर विषय लॅपटॉपचा आहे. हसू नका. श्रावणीला नवा लॅपटॉप घ्यायचा होता, आणि तो जड घ्यावा की हलका, एवढ्यावरून या घरात महिनाभर जे झालं ते मी आमच्या लग्नाच्या याद्या करतानाही पाहिलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे, ती घरांची चित्रं काढते. म्हणजे बांधण्याआधीच घर उभं करून दाखवते, मालक त्यात फिरून येतो, पायऱ्या कमी आहेत म्हणतो, वर गच्चीवरून खाली बघतो. हे काम इथे सोलापुरात घरी बसून करायचं तर दणकट लॅपटॉप लागतो, जो उचलताना माणूस आधी श्वास घेतो. आणि पुण्याच्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. तिथे मोठाली यंत्रं त्यांचीच, तिला फक्त पत्रव्यवहार करायला आणि बैठकीला न्यायला एक हलका पुरे, पाटीएवढा. म्हणजे जड घेतला तर मुलगी सोलापुरात, हलका घेतला तर पुण्यात. दुकानदाराला वाटत होतं आम्ही लॅपटॉप निवडतोय. आम्ही दोघं मात्र एकमेकांकडे न बघता दुसरंच काहीतरी निवडत होतो.

पण मुळात जुन्याला काय झालं ते सांगायला हवं, कारण त्याला मीच मारला. मे महिन्यातलं आमचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तो लॅपटॉप तापून इतका घोंघावायचा की मला दया आली. श्रावणी बाहेर गेली होती. मी त्याला उचलून कूलरच्या समोर पाटावर ठेवला, चांगला जवळ, आणि निवांत पेपर वाचत बसलो. कूलरने त्याला वाऱ्याबरोबर पाणीही पाजलं. पडदा आधी निळा झाला, मग काळा. आता ओली झालेली वस्तू तांदळात पुरून ठेवायची असते, एवढं ज्ञान मला व्हॉट्सॲपवरून आलेलं होतं. पण घरात तांदूळ किती, तर खिचडीपुरता. आपल्याकडे कोठीत असते ती ज्वारी. धान्य ते धान्य, असा विचार करून मी तो लॅपटॉप ज्वारीच्या कोठीत उघडाच आडवा केला आणि वरून ज्वारी लोटली.

देवदत्तराव, ती कोठी यशोदाने भरलेली होती. गेल्या वर्षीच्या सुगीत मंगळवेढ्याची ज्वारी आणवली, वाळवली, चाळली, बोरिक पावडर चोळून कोठीत भरली, वर कडुलिंबाचा पाला टाकला, मापाची वाटी आत ठेवली आणि झाकण लावलं. पुढच्या महिन्यात ती गेली. तेव्हापासून आम्ही दोघं बापलेक बाजारातून पीठ आणून खात होतो. घरात कोठी भरलेली असताना असं का, हे मी तिला विचारलं नाही आणि तिनेही मला विचारलं नाही. आणि त्या दिवशी घाबरलेल्या माणसाच्या घाईत मी ते झाकण उघडून बसलो. श्रावणी आली तेव्हा मी कोपरापर्यंत कोठीत होतो. तिने लॅपटॉपचं नावसुद्धा काढलं नाही. मूठभर ज्वारी घेतली, नाकाशी नेली आणि तिथेच फरशीवर बसून रडायला लागली. मी म्हणत राहिलो की दुरुस्त करून आणतो, नक्की होईल. ती म्हणाली, "बाबा, मी लॅपटॉपसाठी नाही रडत." ते मलाही कळत होतं. पण दुरुस्त होण्यासारखं घरात तेवढंच होतं. दुसऱ्या दिवशी तो घेऊन नव्या पेठेत संगमेशच्या दुकानात गेलो.

संगमेश म्हणजे अक्कलकोटकडचा पोरगा, निम्मं बोलणं कानडीत, हात मात्र सोन्याचा. त्याने मागचे स्क्रू काढले, लॅपटॉप उलटा केला आणि टेबलावर ज्वारीची रास पडली. मग पंख्यातून बोरिक पावडर उडाली आणि शेजारचं गिऱ्हाईक शिंकायला लागलं. संगमेशने एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला. "काका, वल्ली हाय की. अजून दोन दिवस ठेवला असताव तर मोड आले असते." तो लॅपटॉप काही उठला नाही. ज्वारी मी कागदात बांधून परत आणली. संगमेशला वाटलं असेल म्हातारा चिक्कू आहे. वाटू दे.

त्याच आठवड्यात पुण्याचं बोलावणं आलं. श्रावणीने मला भाकरी थापता थापता, वर न बघता सांगितलं. मी "अरे वा" म्हणालो आणि लगेच उठून पंचांग काढलं. तुमची बहीण असताना मी पंचांगाची काय टिंगल केली आहे हे तुम्ही ऐकलेलंच आहे. (सोलापुरात पंचांगं छापतात म्हणून सोलापूरकराने ती वाचलीच पाहिजेत असं नाही, हे माझं वाक्य तुमच्या घरात अजून निघत असेल.) तर आता मी पंचांग उघडून गंभीर चेहऱ्याने म्हणालो की धोंड्याचा महिना लागतोय, महिनाभर नवी वस्तू घरात आणायची नाही. ती मैत्रिणीचा लॅपटॉप मागून काम करत राहिली. महिना सरता सरता अमावास्या आली. अमावास्येनंतर मी शनिवार बाद केला, कारण शनिवारी लोखंड घेत नाहीत. लॅपटॉपमध्ये लोखंड कुठे असतं असं तिने विचारलं, तेव्हा स्क्रू असतात असं मी सांगितलं. मंगळवारही बाद केला, कशासाठी ते आता आठवत नाही. शेवटी ती शांतपणे म्हणाली, "बाबा, कंपनीला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. लॅपटॉपचं गुरुवारी ठरवू, चालेल?" गुरुवारात खोट काढायला मला काही सापडलं नाही.

बुधवारी मी एकटाच संगमेशकडे गेलो आणि त्याला सांगून आलो की उद्या पोरीला घेऊन येतोय, जडाचं भरपूर कौतुक कर. मला जडाची एवढी ओढ का, ते ऐका. स्टँडवर उभं राहून मी माणसांची सामानं फार पाहिली. सासरी निघालेली पोर ट्रंक, वळकटी, पापडांचा डबा, रोपाची कुंडी घेऊन निघते, आणि पंचमीला परत येते. धान्याची पोती घेऊन निघालेला माणूस चार दिवसांत परत येतो. पण हातात एकच पिशवी घेऊन, चालत्या गाडीत उडी मारून जो गेला, त्याच्या आईला मी पुढे वर्षानुवर्षं येणाऱ्या गाड्यांच्या फलाटावर बघितलं आहे. मला हलक्या सामानाची भीती वाटते. माझं म्हणणं खुळेपणाचं आहे हे मला माहीत आहे, ते सांगायला पत्र लिहू नका.

गुरुवारी दुकानात संगमेशने कौतुकाची कमाल केली. त्याने जड लॅपटॉप चालू केला तर बटणांखाली लाल-निळे दिवे पळायला लागले, मिरवणुकीतल्या गाडीसारखे. त्यावर त्याने एक बंगला उभा करून गरागरा फिरवला. आतला पंखा असा वाजायला लागला की मला तुळजापूरच्या घाटात पहिल्या गिअरवर चढणारी गाडी आठवली. चार्जर म्हणून त्याने जे बाहेर काढलं त्याने भिंत बांधता आली असती. मी मान डोलावत होतो. श्रावणीही ऐकत होती, पण तिचा हात शेजारच्या हलक्यावर होता. ती त्याचं झाकण एका बोटाने उघडत होती आणि लावत होती. मग तिने तो उचलला आणि आपल्या पिशवीत बसतो का ते पाहिलं. बसला. त्या क्षणी तिच्या तोंडावर जे आलं ते मी वर्षभरात पाहिलं नव्हतं, आणि मी संगमेशकडे पाहून खाकरलो. तो बिचारा ठरल्याप्रमाणे बोलला, "ताई, ते काय, शाळेतल्या पोरांना ठीक हाय. हे घ्या की. घरी टेबलावर बसून लई काम होतंय." श्रावणीने हलका पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जडच द्या. बाबांना टाकून मी कुठं जाणार आहे?"

म्हणजे मी जिंकलो. रिक्षातून येताना तो लॅपटॉप माझ्या मांडीवर होता आणि पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी मी खाली ठेवला नाही. घरी आणून देवापुढे ठेवला, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. तिने निमूटपणे नमस्कार केला आणि तो टेबलावर नेऊन कामाला बसली. काम कुठलं, तर विजापूर रोडच्या ईरप्पाशेठच्या बंगल्याचं. त्यांना फाटकावर सिंह हवेत, पोर्चला हत्ती हवेत, आणि जिना आतूनही हवा आणि बाहेरूनही हवा. पूर्वी हे गृहस्थ येऊन गेले की श्रावणी त्यांची नक्कल करायची, यशोदा तोंडाला पदर लावून हसायची आणि वर तिलाच रागवायची. आता तिने सिंह बसवले आणि मला विचारलं की बाबा, सिंहाचं तोंड रस्त्याकडे ठेवू की घराकडे. मी हसलो. ती खरंच उत्तराची वाट बघत होती.

शुक्रवारचा सगळा दिवस असाच गेला. ती भांडली नाही. मी टीव्ही मोठा लावला, तरी काही बोलली नाही. आमटीत मीठ जास्त पडलं ते तिने पाणी घालून खाल्लं. देवदत्तराव, तुमच्या बहिणीने शेवटच्या आठवड्यांत माझ्याशी भांडणं सोडून दिलं होतं, आठवतंय? तुम्ही म्हणाला होता की तिला आता बरं वाटत असेल. त्या शुक्रवारी मला फार भीती वाटली.

शनिवारी सकाळी श्रावणी म्हणाली की एक बटण अडकतंय. माझं कुंकू आत गेलं होतं. (हळद बाहेरच थांबली, कुंकू शिरलं.) मी संगमेशकडून साफ करून आणतो म्हणून निघालो. लॅपटॉप आणि ती चार्जरची वीट असं ओझं खांद्यावर. वाट वाकडी होते, पण माझे पाय सवयीने स्टँडकडे वळतात, आणि तिथवर जाईपर्यंत खांदा मोडला म्हणून फलाटावरच्या बाकावर टेकलो. माझ्या जागी आता गुंडा नावाचा पोरगा असतो. त्याने केबिनमधून मला पाहिलं, खांद्यावरचं ओझं पाहिलं, आणि त्याचा काय समज झाला कोण जाणे, मी पेपर उघडून बसलो. बऱ्याच वेळाने लोकांचा आरडाओरडा कानावर आला. मंगळवेढ्याची गाडी समोर उभी होती, ड्रायव्हर खाली उतरून घड्याळ दाखवत होता, खिडक्यांतून माणसं बोलत होती, एक बाई म्हणत होती की पुढं तिची लेक फाट्यावर उन्हात उभी हाय. आणि गुंडा पळत माझ्याकडे आला. "साहेब, बसताव न्हवं? तुमच्यासाठी गाडी धरून ठेवलीया मी."

मला कुठेच जायचं नव्हतं, देवदत्तराव. मी बाकावर बसून होतो आणि माझ्यापायी भरलेली गाडी खोळंबली होती. नोकरीत मी साहेबाच्या मेव्हण्यासाठीसुद्धा गाडी धरली नाही. (साहेबांची माझ्यावर झालेली खप्पा मर्जी तुम्हाला ठाऊकच आहे, मला बढती मिळाली नाही.) गाडी एका फलाटावर धरली की पुढच्या प्रत्येक गावाला उशीर होतो, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो. मी गुंडाला म्हणालो, सोड. माझा आवाज स्टँडभर ऐकू गेला असावा, कारण ड्रायव्हर दचकून गाडीत चढला. गाडी गेली. मी पेपरात तोंड घालून थोडा वेळ रडलो. स्टँडवर रडणाऱ्याकडे कोणी बघत नाही, ही एक सोय आहे.

तिथून सरळ संगमेशकडे. त्याला म्हणालो, हा ठेवून घे आणि तो हलका दे. तो म्हणाला, कुंकू लावलेली वस्तू परत घेत नाहीत. मी म्हणालो, पुसून देतो. मग त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता हलका खोक्यात घातला. जड लॅपटॉप तो स्वतःच वापरणार म्हणे, हळदकुंकवासकट. शनिवारी घेतलाय, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

श्रावणीने खोका उघडला आणि पाहतच राहिली. म्हणाली, बाबा, हे काय केलंत. मी काहीतरी सुरुवात केली, सोलापूरच्या उन्हात जड तापतो, वीज फार खातो, पंख्याच्या आवाजाने शेजारी तक्रार करतात. ती ऐकत राहिली. मग मी म्हणालो, "जा." एवढंच. जन्मभर मी माणसांना जायला सांगत आलो, पण ते भोंग्यातून, आणि त्यांतलं कोणी माझं नव्हतं. ती म्हणाली, "आणि तुम्ही? एकटे राहणार इथं?" त्यावर मी तिला एक उत्तर दिलं. ते तुम्हाला लिहायला मला अजून धीर होत नाहीय. पण ते ऐकून ती "खरं?" म्हणाली, आणि मी "खरं" म्हटल्यावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. संध्याकाळी तिने आमटीला नावं ठेवली. मला फार बरं वाटलं.

सोमवारी तिने पुण्याला होकार कळवला. रविवारच्या गाडीने निघते आहे. एस.टी.चं मीठ खाल्लेल्या माणसाची मुलगी रेल्वेने चालली, तेव्हा तुमच्या खात्याचा विजय झाला, साजरा करा. तिचं सामान बांधून झालं आहे. फार नाही, मी उचलून पाहिलं. यशोदा असती तर लाडूंनी वजन वाढवलं असतं. मला लाडू येत नाहीत. मी शेंगाचटणी कुटली आहे, तिखट जास्त झालं आहे.

वहिनींना पुन्हा नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा, कुर्डुवाडीच्या थोरामोठ्यांना माझी आठवण सांगा, आणि माझ्या हातून काही वेडंवाकडं लिहिलं गेलं असेल तर ते तुमच्या बहिणीच्या नवऱ्याने लिहिलं आहे म्हणून सोडून द्या.

तुमचा,
वेणीमाधव

ता. क. : रविवारी तिची गाडी कुर्डुवाडीला थांबते. वहिनींना घेऊन फलाटावर या. खायला काही आणू नका, ती सांगेल पोट भरलंय. फक्त तिचा चेहरा कसा आहे ते बघून ठेवा आणि मला कळवा. फोनवर कळवलंत तरी चालेल, तेव्हा घरात ऐकायला कोणी नसेल.

दुसरा ता. क. : वर ज्या उत्तराचा उल्लेख आहे ते असं, की मामा आणि मामी पुढच्या आठवड्यापासून माझ्याकडे राहायला येत आहेत, सगळं ठरलं आहे, मला एकटं राहावंच लागणार नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही, आणि ती तेवढ्यावरच निघाली आहे. फलाटावर ती तुम्हाला पहिलं हेच विचारील. तेव्हा चेहरा पडू देऊ नका, हो म्हणा, बांधाबांध चालू आहे म्हणा. गाडी सुटेपर्यंतच निभवायचं आहे. तुमचं घर, तुमचा गुडघा, वहिनींचा दवाखाना, सगळं मला माहीत आहे, मी तुम्हाला बांधून घेत नाही.

तिसरा ता. क. : पण देवदत्तराव, मी तिच्याशी खोटं बोललो आहे. तुम्हाला जमलं तर ते खरं करा.